चंद्रीचा खांब

सोनगीरच्या तानुबाई मुलाकडे धुळ्याला राहायला आल्या, तेव्हा आपली म्हैस चंद्री हिलाही सोबत घेऊन आल्या. कॉलनीत चंद्रीचं मन काही रमेना. शेवटी दारासमोरचा दिव्याचा सिमेंटचा खांब तिला आवडला. रोज सकाळी ती त्या खरबरीत खांबाला मान घासायची आणि मगच दूध द्यायची.

१९८९ साली कॉलनीतले जुने खांब काढून लोखंडी बसवायचं ठरलं. नगरपालिकेची माणसं गल्लीत शिरली, तशा तानुबाई खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"भाऊ, हाऊ खांब राहू द्या. मनी म्हैस आठेच आंग घासस."

"अक्का, नव्या खांबाला घासेल की," मुकादम म्हणाला.

"लोखंड गुळगुळीत शे. तिनी खाज कशी जाई?"

माणसं हसायला लागली. तेवढ्यात चंद्री स्वतःच आली आणि तानुबाईंना बाजूला सारून, डोळे मिटून मान घासू लागली. एवढी जड म्हैस अंग रेटत होती, पण खांब तसूभरही हलला नाही.

मुकादमानं त्याच्यावर थाप मारून पाहिली. "चांगला पक्का आहे. राहू द्या रे हा! नुसता दिवा बदला."

तानुबाईंनी सगळ्यांना घट्ट दुधाचा चहा पाजला.

बाकी रस्त्यावर लोखंडी खांब आले. मग शेजारचे लोकही आपल्या गाई तिथे आणू लागले. तानुबाई कोणाला नाही म्हणत नसत. सकाळची पहिली पाळी मात्र चंद्रीची.