फणसाला घातलेली भीती

झाडाला भीती घालतात, असं वर्गात सांगितलं की मुलं हसतात. हसू देत. मी कल्याणच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, राहते डोंबिवलीला, पण वाढले बाळकुमला, आणि आमच्याकडे न फळणाऱ्या झाडाला दम द्यायची रीत होती. दिवाळी झाली की बाबा कोयता घेऊन अंगणातल्या फणसापुढे उभे राहायचे आणि ओरडायचे, "तोरतो तुला आज! फुकट पोसू काय?" मग मी पळत जाऊन त्यांचा हात धरायचा, हे ठरलेलं. "नको तोरू बाबा, औंदा धरल." बाबा उगाच जरा वेळ घ्यायचे, मग म्हणायचे, "बरं, औंदा सोरतो." मग खोडावर दोन-चार हलके घाव, पांढरा चीक, आणि कार्यक्रम संपला. सगळ्यांना तो खेळ वाटायचा. मला नाही वाटायचा. माझं वाक्य चुकलं तर बाबा खरंच झाड तोडतील, अशी माझी पक्की समजूत होती.

पुढे शिकले तेव्हा कळलं की बाबा काही अगदीच वेडे नव्हते. पान कुरतडलं, खोडाला घाव बसला, की त्या जागेवरून विजेची एक बारीक लहर निघते आणि लांबच्या पानापर्यंत पोचते. तिच्या मागोमाग रसायनं तयार होतात. कुठे पान कडू होतं, कुठे वाढ थांबते, आणि कधी कधी झाड घाईघाईने फुलावर येतं. आपलं काही खरं नाही, निदान बी तरी मागे ठेवू, असाच काहीसा तो प्रकार. फिजिक्सच्या सरांनी मला एक अँप्लिफायरची पेटी बनवून दिली आहे. लाजाळूला तारा लावायच्या, पानाच्या टोकाला मेणबत्तीची धग द्यायची, की पेटीवरचा काटा सर्रकन हलतो. मुलं ओरडतात, "मॅडम, वन्स मोर!" पाच-सहा वेळा झालं की काटा हलेनासा होतो. तेव्हा कोणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, मशीन बिघडली." मी दरवर्षी सांगते, मशीन ठीक आहे रे बाबांनो, झाड दमलंय.

बाळकुमची आमची जमीन बिल्डरला गेली. तिथे सात मजली इमारत झाली. बाबांची अट एकच होती, फणस राहिला पाहिजे. राहिला. पण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, कडेने सिमेंटचा कठडा केला, आणि त्यानंतर सलग तीन वर्षं फणसाला फळ नाही. सोसायटीचे सेक्रेटरी माणूस वाईट नाहीत, पण त्यांच्या डोक्यात पार्किंगशिवाय दुसरं काही नसतं. "काका, पानं पडतात, चीक पडतो, फळ तर नाहीच. ठेवायचं कशाला?" आई गेल्यापासून बाबा वर फ्लॅटमध्ये फक्त जेवायला आणि झोपायला जातात. बाकी सगळा दिवस झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले. ते झाड गेलं तर हा माणूस दिवसभर कुठे बसणार, हा प्रश्न सोसायटीत कोणालाच पडला नव्हता. मीटिंगमध्ये ठरलं, यंदा फळ धरलं तर बघू, नाहीतर तोडायचा अर्ज करू.

बाबांनी मला फोन केला. "बाय, तू येवरी शिकलीस, कायतरी कर गो."

आणि मी केलं. आता आठवलं की माझाच मला राग येतो. बाबांचे ते दोन-चार हलके घाव मला पुरेसे वाटले नाहीत. मला दाखवून द्यायचं होतं ना, शास्त्र काय असतं ते! माळ्याला सांगितलं, दोन महिने पाणी तोड. कोयता घेतला आणि खोडाभोवती फिरत सालीवर एकामागून एक घाव घातले, खोल, पांढरं लाकूड दिसेपर्यंत. सालीतूनच पानांचं अन्न मुळांकडे उतरतं. ते अडवलं की वर फळाला जास्त मिळतं, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे. मुळांचं काय होतं तेही लिहिते. सिमेंटखाली दबलेली ती मुळं आधीच उपाशी असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

घाव घालताना मी गंमत म्हणून ओरडले, "तोरते तुला आज!" तर बाबा खुर्चीवरून उठले आणि त्यांनी माझा हात धरला. "नको तोरू गो बाय, औंदा धरल." ऐंशीच्या घरातला माणूस, आवाज अगदी कापत होता. मी म्हटलं, "बरं, औंदा सोडते." आम्ही दोघं पोट धरून हसलो.

फेब्रुवारीत फणस धरला. धरला म्हणजे किती! खोडावर, फांद्यांवर, जागा मिळेल तिथे कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, लटकल्या. बाया फोटो काढायला खाली येऊ लागल्या. सेक्रेटरींच्या घरी दोनदा भाजी झाली आणि पार्किंगचा विषय बंद पडला. बाबा जो दिसेल त्याला थांबवून सांगायचे, "माझ्या पोरीने केलं हे. प्रोफेसर हाय ती."

मे महिन्यात मी गेले तेव्हा बुंध्याशी एक पेव्हर ब्लॉक उचललेला दिसला. खाली मुळावर फणस धरला होता, मुठीएवढा, वेडावाकडा. मी मान वर केली. नवी पानं निम्म्या आकाराची होती. शेंड्याकडे आभाळ दिसत होतं, जे आधी कधी दिसलं नव्हतं. माझ्या घावांच्या कडा भरून आल्या नव्हत्या. त्यातून तपकिरी पाणी झिरपत होतं आणि मुंग्यांची रांग लागली होती. हे फळणं नव्हतं, ही निरवानिरव होती. बाबांनी गरे सोलून माझ्या हातावर ठेवले. मी खाल्ले आणि गोड आहेत म्हणाले.

दिवाळीपर्यंत निम्मं झाड वाळलं. मी पेटी घेऊन गेले. त्यातल्या त्यात हिरव्या डहाळीच्या देठाला तारा लावल्या, पानाला धग दिली. काटा जागचा हलला नाही. दुसरं पान, तिसरं पान. बाबा वाकून बघत होते. "मशीन बिघारली काय गो?"

"हो," मी म्हटलं. "बिघडली असेल."

त्यानंतरच्या आठवड्यात, वारा नाही, काही नाही, भर दुपारी मांडीएवढी फांदी खाली आली. बाबा जेवायला वर गेले होते म्हणून वाचले. खुर्चीचा हात तुटला. मला हे सेक्रेटरींच्या फोनवरून कळलं. धावत गेले तर बाबांनी तो हात सुतळीने बांधून खुर्ची परत तिथेच मांडली होती आणि आरामात बसले होते. "जुनी फांदी होती. यंदा परत जरा भीती घाल त्याला, धरल." मी त्यांना हात जोडले, ओरडले, रडले, खुर्ची गेटपाशी नेऊन ठेवली. ते उठले आणि खुर्ची परत घेऊन आले. झाड मेलंय आणि ते मी मारलंय, एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

तोंडाने जमलं नाही ते कागदावर केलं. झाड वाळलेलं व धोकादायक आहे, तातडीने तोडावं, असं लिहून खाली माझी सही, पद, कॉलेजचं नाव. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुमचंच पत्र म्हटल्यावर परवानगी लगेच मिळेल." मिळाली.

तोडायला माणसं आली त्या सकाळी मी बाबांच्या आधी खाली उतरले होते. करवतीचा आवाज सुरू झाला तसे बाबा लिफ्टमधून बाहेर आले, अनवाणीच. कोणीतरी त्यांना पत्राचं सांगितलं असणार, कारण ते सरळ माझ्याकडे आले आणि त्यांनी माझा हात धरला.

"नको तोरू गो बाय," ते म्हणाले. "औंदा धरल."

करवत थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा थांबले होते. पुढचं वाक्य माझं होतं आणि ते मला लहानपणापासून पाठ होतं. मी ते बोलले नाही.