हे खरे आहे काय?

मी तिसरी शिकलेला, पण कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या वस्तीमागची संरक्षक भिंत फुगली. तिच्या खालीच माझ्या लेकीचं घर. म्हणून आमदाराच्या ऑफिसात गेलो. त्यांनी विधानसभेत विचारायचे लेखी प्रश्न तिथली एक बाई लिहून द्यायची. तांदळातले खडे बघावेत तशी ती प्रत्येक शब्दावर पेनाचं टोक टेकवायची. नाव मी कधी विचारलं नाही.

“आजोबा, भिंत किती फुगलीय?”

“किती काय? अख्खी पडायला आलीय. तसंच लिहा!”

“मोजलीत?”

“रोज बघतो ना मी, बाई!”

माझ्या हट्टापायी तिनं तसंच लिहिलं, आमदारांनी सही केली. पुढे सरकारचं छापील उत्तर आलं: ‘हे खरे नाही.’

मी टेबलावर हात आपटला. “खोटारडे साले!”

“खोटं कुठाय, आजोबा? अख्खी पडतेय का? ‘अख्खी’ म्हणून दार तुम्हीच उघडं ठेवलंत, ते निसटले.”

झोंबलं मला. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन स्वतः भिंत मोजली. पाण्याच्या टाकीपासून पुढे बावीस फूट फुगलेली. तिनं तेवढंच लिहिलं. या खेपेला उत्तर आलं: ‘होय, हे खरे आहे. पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती करण्यात येईल.’

मी पेढे घेऊन गेलो. तिनं पेढा बाजूला ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला.

“आता पुढच्या अधिवेशनात विचारायचं, केली काय?”

टेप मी अजून घरी ठेवलेली नाही. खिशातच असते.