दरीतली पिवळी रेघ

लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि दाराच्या पलीकडे मामंजी, म्हणजे माझे सासरे, आपल्या धाकट्या मुलाला झोडपत होते. हाताने नाही, तोंडाने. हात परवडला असता.

"ब्रेक कोणी बांधले?"

"मी."

"गाडी कशाने गेली?"

"दादा म्हणतो, ब्रेक लागले नाहीत म्हणून."

"दादा म्हणतो काय? गेली ती गेली. माणूस मेला."

"बाबा, मी नट आवळला की त्याच्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. नटावरून सरळ खाली बोल्टवर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. तुम्हीच दाखवायचात चारचौघांना, कौतुकाने."

"मग जा दरीत आणि बघ तुझी रेघ."

तिथेच खाटेवर पाय बांधून आमचे हे पडले होते. गाडी तेच चालवत होते. ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, दुखत असेल.

घरात एकच ट्रक. तेव्हाही म्हाताराच होता तो. लांब नाक, बेडकासारखे डोळे. मामंजींनी घेतलेला, आमचे हे चालवायचे आणि धाकटे, म्हणजे माझे भावजी, घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची दुरुस्ती करायचे. पोती भरून घाट उतरताना तो वळणावरून सरळ खाली गेला. हे बाहेर फेकले गेले, पायाचा चुरा झाला. मागे पोत्यांवर हमाल बसला होता. तो पोत्यांखालीच राहिला.

मामंजींनी ट्रक-तळावर जाऊन एकेका मालकाला सांगितलं, माझ्या पोराला ब्रेकला हात लावू देऊ नका. बापच सांगतोय म्हटल्यावर कोण लावू देतो? भावजींच्या वाट्याला पंक्चर आणि सायलेन्सर राहिले. लग्नाचं बघायला दोनदा माणसं आली. जाताना तळावर चहा प्यायली आणि परत फिरकली नाहीत. चहाची ती टपरी हमालाच्या बायकोची होती. नवरा गेल्यावर तिने टाकली. ती सगळ्यांना चहा द्यायची, उधारही द्यायची. भावजी समोर आले की मात्र फडक्याने फळी पुसत बसायची, ते निघून जाईपर्यंत.

आणि भावजी खरंच दरीत गेले. मामंजी रागात बोलले होते, यांनी ते काम म्हणून घेतलं.

वाट नव्हतीच. सुट्या दगडांची घसरण, मग काटेरी झुडपं, मग एक कडा. तिथे झाडाला दोर बांधून उतरायचं. खाली ओढ्याच्या पात्रात दोन खडकांच्या मध्ये गाडी उजव्या कुशीवर पडलेली, नाक खाली. पहिल्यांदा आले तेव्हा दोन्ही हेडलाइट गळ्यात अडकवून आले. कोपरं सोललेली.

मामंजींनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "सापडली रेघ?"

"ब्रेकचा रॉड खालच्या बाजूला आहे. गाळात. गाडी हलकी केल्याशिवाय कूस बदलणार नाही."

"मग कर हलकी," मामंजी म्हणाले.

ते गाडी हलकी करत राहिले. सुट्टीचा दिवस आला की डबा, पाने, पहार आणि दोर. डायनॅमो आणला, रेडिएटर आणला, दारं आणली. स्प्रिंगचे पाटे एकेक करून पाठीला बांधून आणले; खांद्यावर त्यांचे वळ कायमचे उमटले. त्या बनावटीचे भाग मिळायचे बंद झाले होते. त्यामुळे जे मालक आपल्या गाडीचा ब्रेक यांना दाखवत नव्हते, तेच घरी येऊन विचारायचे, "मागचा एक्सल कधी येतोय?" गावाने नावही ठेवलं. गिधाड.

"काय गिधाडराव, आज काय फाडून आणलंत?"

"तुमच्या गाडीसाठी काळीज. तिच्या मालकाकडे नाही, निदान तिला तरी असावं."

हसायचे सगळे. भावजीही हसायचे. घरी आले की मात्र हात धूत बसायचे, साबण संपेपर्यंत. एकदा मी म्हटलं, "भावजी, साबण काय दरीतून आणता का?" तर म्हणाले, "वहिनी, तिथे सापडला तर तोही सोडणार नाही."

मामंजी शेवटच्या आजारात पडले तेव्हा त्यांचं सगळं भावजींनीच केलं. आमच्या यांना वाकता येत नव्हतं. एके दुपारी पाय चेपून घेता घेता मामंजी म्हणाले, "दरीत जाणं सोड आता. काही नाही तिथे."

"रेघ आहे."

मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं. थकलेत, असं आम्ही धरून चाललो.

मामंजी गेले. तरी दरी सुटली नाही. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, आणि गाडी काही कूस बदलेना. इंजिन आणि गिअरबॉक्स एकट्या माणसाने हलणारी वस्तू नव्हे.

मग एक शौकीन आला. जुन्या गाड्या हुडकून नव्यासारख्या करून ठेवायचा नाद असलेला पैसेवाला. पायात पांढरे बूट. आमच्या शेडमध्ये ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. भावजींनी आणलेले हेडलाइट त्याने कुठेतरी पाहिले होते. त्याला आता उरलेलं सगळं धूड हवं होतं.

"माणसं आणा, साखळी-कप्पी आणा, वाट मी दाखवतो," भावजी म्हणाले. "पण गिअरबॉक्स आणि ब्रेकचा रॉड आधी माझ्या शेडमध्ये येणार. मी उघडणार. मग तुमचे."

शौकिनाला काय, तो हो म्हणाला.

माणसं उतरली, कप्पी लागली आणि एवढ्या वर्षांनी गाडीने कूस बदलली. आमच्या शेडमध्ये दोन्ही वस्तू आल्या. भावजींनी रॉड रॉकेलने धुतला, चिंधीने पुसला. नटावरून बोल्टवर पिवळी रेघ. फिकट झालेली, पण सरळ. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. फक्त म्हणाले, "दादाला बोलवा."

हे काठी टेकत आले, स्टुलावर बसले. भावजींनी रॉड त्यांच्या मांडीवर ठेवला. मग गिअरबॉक्सचं झाकण उघडलं.

मला यातलं कळत नव्हतं. भावजींनीच बोटाने दाखवलं. आत दातेरी चाकं असतात. गाडी गिअरमध्ये असली की एक चाक सरकून दुसऱ्याच्या दातांत बसतं. इथे सगळी चाकं आपापल्या जागी सुटी, आणि तशीच गंजून चिकटलेली. म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये होती. उतारावर न्यूट्रल केलं की इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग कितीही दाबा.

"पडताना निसटला असेल गिअर," हे म्हणाले.

"धक्क्याने निसटला असता तर दात तुटले असते. एक तुटका दात दाखव, दादा."

यांनी काठीवर रेलून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "चहा टाक."

मी हलले नाही. नंतर त्यांनी तोंड उघडलं, तेही त्या गिअरबॉक्सकडे बघून. "डिझेल वाचायचं. सगळेच करायचे."

"मी केलेल्या ब्रेकवर?"

"मला बाबांनीच शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी, शेजारी बसून. म्हणाले, उतार फुकट आहे, सोडून दे गाडी."

भावजींच्या हातात झाकण होतं. ते त्यांनी खाली ठेवलं नाही, आपटलं नाही. तसेच धरून उभे राहिले.

म्हणजे मामंजींना ठाऊक होतं. गाडी कशी गेली ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. थोरला तुरुंगात गेला असता. धाकट्याचं काय, नुसतं नावच जाणार होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरचं घड्याळ वाचवलेल्या डिझेलमधून आलंय, हेही मला त्याच दिवशी कळलं. ते अजून तिथेच आहे. वेळ बरोबर दाखवतं, मेलं.

"टपरीवर जाऊन सांगा," मी यांना म्हटलं. "त्या बाईला सांगा."

"आता? या वयात?" हे म्हणाले आणि काठी शोधू लागले.

मग मीच पदर खोचला, तर भावजी आडवे आले. "तुम्ही नाही, वहिनी. शपथ आहे माझी. सांगायचं तर त्याने सांगायचं."

"आणि तुम्ही?"

"गिधाडाची साक्ष कोण काढतं?"

त्यांनी झाकण बसवलं, नट आवळले. सवयीने रंगाची डबी हातात घेतली, बघितली आणि तशीच बंद करून ठेवली. दुसऱ्या दिवशी शौकिनाची माणसं सगळं घेऊन गेली. पुढे कळलं, गाडी आता त्याच्या बंगल्यात उभी असते, हिरवीगार, रॉडपासून नटापर्यंत नवा रंग मारलेली.

ह्यांच्या पायाची जखम मात्र दर थोड्या दिवसांनी तोंड उघडायची. दवाखान्यात पट्टीला न्यायचं काम भावजींचं, त्यांच्या तीनचाकी टेम्पोतून. शेडमधल्या त्या दिवसानंतरही ते तसंच चालू राहिलं.

भावजींची शेवटची खेप झाली तेव्हाही नेहमीसारखंच. भावजींनी आधी चाकामागचा दगड काढला, दोनदा ब्रेक दाबून पाहिला, मला मागे बसवलं, ह्यांचा पाय उचलून नीट आत ठेवला. "बसलास?" "बसलो." एवढंच बोलणं. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, घरघरत, बैलासारखी. मागचा हॉर्न वाजवतोय, वाजवू दे.

पट्टी झाली. येताना हे म्हणाले, "जरा टपरीवर थांब."

थांबले. हमालाची बायको आता म्हातारी झाली होती, पण हात तसाच चालायचा. तिने ह्यांच्यासाठी बाकडं पुसलं. "मालक, पाय कसा आहे? बसा, आलं घालून देते." मलाही दिला. ह्यांनी दोन्ही हातांनी कप धरला, फुंकर घातली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि घोट घेतला.

भावजी टेम्पोपाशी उभे होते. टायरला लाथ मारून हवा बघत होते. ती बाई त्यांच्याकडे पाठ करून फळी पुसत होती.

"झाला चहा?" त्यांनी लांबूनच विचारलं.

घरी आणलं, ह्यांना उतरवलं, काठी हातात दिली. टेम्पो शेडमध्ये लावला, गिअरमध्ये टाकला, वाकून चाकामागे दगड ठेवला आणि पायाने तो नीट आत ढकलला. मग म्हणाले, "वहिनी, जरा पडतो मी."