‘हाय’च्या जागी ‘आहे’

माझ्या वडिलांचं आत्मचरित्र मी पाच ठिकाणी जपून ठेवलेलं आहे. ऑफिसात कुणाची फाइल उडाली की लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना बॅकअपचं महत्त्व सांगतो. माझी एकही फाइल कधी हरवलेली नाही. जे गेलं ते मी स्वतः पुसलं, आणि हे मी आजवर लिहिलं नव्हतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते मार्केट यार्डात तोलणार म्हणून कामाला होते. दिवसभर पोत्यांची वजनं करायची, हिशेबाच्या पट्टीवर लिहायची. निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत, पलंगावर पाट मांडून, त्यांनी चार फुलस्केप वह्या भरल्या. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाचं घर, देव्हारा रिकामा झाला तो दिवस, पुण्यात आल्यावर पाठीवर घेतलेलं पहिलं पोतं. लिहिलं होतं आम्ही घरात बोलायचो तसंच: ‘हाय’, ‘व्हतं’, ‘गेल्यालो’. शाळेतलं मराठी त्यांना येत नव्हतं असं नाही. यार्डातल्या कितीतरी जणांचे अर्ज तेच लिहून द्यायचे, अगदी ‘सविनय सादर’पासून. वह्या त्यांनी मुद्दाम तशा लिहिल्या होत्या. माझ्या ते डोक्यात आलं नाही.

मी तेव्हा नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. पुण्यात पहिल्यांदाच अशा कंपन्या येत होत्या, आणि आमच्या नात्यात कॉम्प्युटरला हात लावणारा मी पहिला. एकदा ऑफिसच्या फोनवर आईशी बोलताना दोन-तीनदा ‘हाय की’ म्हणालो, तर शेजारच्या टेबलावरून एकजण म्हणाला, “अहो, मघापासून हाय हाय चाललंय. एकदा बायही म्हणा.” सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या मनात काही नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो.

वह्या टाइप करायचं मीच दादांना कबूल केलं होतं. शनिवारी कंपनीत जायचो, परवानगी काढून एका मशीनवर बसायचो. पहिल्यांदा त्यांच्या वहीत होतं तसंच्या तसं उतरवलं, काना-मात्रेचा फरक केला नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला, काम संपलं. मग पडद्यावर सगळं सलग वाचलं आणि मला लाज वाटली. हे छापून आलं तर त्या टेबलावरचे लोक वाचतील, एवढंच डोक्यात आलं.

कुणीही सांगितलेलं नव्हतं. ‘हाय’ शोधा, ‘आहे’ घाला, सगळीकडे. ‘व्हतं’ शोधा, ‘होतं’ घाला. एक यादीच केली. मशीनला काय कळणार, त्यानं ‘राहायला’तलंही ‘हाय’ उचललं आणि आम्ही बिबवेवाडीला ‘राआहेला’ आलो. तसल्या जागा हातानं दुरुस्त केल्या. मग त्याच नावानं त्याच फ्लॉपीवर सेव्ह केलं. आधीची प्रत वेगळी ठेवावी, हे आज मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो.

त्याच सुमारास आम्ही नवा फ्लॅट घेतला. सामान हलवताना वह्या मी रद्दीत दिल्या. कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं, असं वाटलं.

प्रिंटआउट दादांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी चार-पाच पानं वाचली, मग मधलंच एक वाचलं.

“छापलंय चांगलं,” म्हणाले. “लिहिलंय कुणी?”

मी वाचक, प्रकाशक, प्रमाणभाषा असं काहीबाही बोलत सुटलो. जन्मभर मला ‘तू’ म्हणणारा माणूस म्हणाला, “आपण शिकलेले. आपण म्हणताय तर तसंच असंल.” थोड्या वेळानं म्हणाले, “माझ्या वह्या आण.”

मी म्हणालो, वह्या ऑफिसच्या कपाटात आहेत. आणखी दोनदा त्यांनी विचारलं, दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. नंतर त्यांनी विचारलं नाही आणि पुन्हा पेनही हातात धरलं नाही. पाच वर्षांनी ते गेले.

त्यानंतर मी ती फाइल जपायला लागलो. फ्लॉपीवरून सीडीवर घेतली. नव्या कॉम्प्युटरला जुना मराठी फॉन्ट ओळखेना, पानभर नुसते कंस आणि टिंबं दिसायची. तेव्हा कन्व्हर्टर शोधून सगळं युनिकोडमध्ये आणलं, एकेक जोडाक्षर तपासलं. मग हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, आता क्लाउड. दर वेळी अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्यातच एकदा आठवलं की मूळ वह्यांमध्येही काही ठिकाणी ‘आहे’ होतं. ‘आहे’ म्हणणारा माणूस खुर्चीत बसलेला असायचा: डॉक्टर, हेडमास्तर, बाजार समितीतले साहेब. ‘हाय’ म्हणणारा उभा असायचा. माझ्या फाइलीत सगळेच खुर्चीत बसलेत. आता उलटं करावं तर कुठलं ‘आहे’ मुळातलं आणि कुठलं माझं, हे सांगता येत नाही. आठवून पाहिलं, एक प्रकरण पुन्हा लिहिलंही; ते सिनेमातल्या गावकऱ्यासारखं वाजलं. ते मी खोडलं.

यंदा एका प्रकाशन संस्थेच्या संपादक बाईंनी, कुणाकडून तरी कळल्यावरून, दादांच्या हस्तलिखिताबद्दल विचारलं. मूळ भाषेतलं असेल तर त्यांना हवं होतं. उत्तर देण्याआधी आईला सगळं सांगितलं.

“तुझ्या दादांना ठावं व्हतं,” आई म्हणाली. “रद्दीच्या दुकानात जाऊन आल्याले. मिळाल्या न्हाईत.”

मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. ती तांदूळ निवडत राहिली. “तू खोटं बोलायचं कवा थांबतोस, ते बघत व्हते.”

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या समजूतदारपणे म्हणाल्या, “मग असं करू या. पुस्तकावर वडिलांचं नाव घालू, आणि खाली ‘शब्दांकन’ म्हणून तुमचं. चालतं तसं.”

चालतं, हे मला माहीत आहे. अशी पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. ज्याला लिहिता येत नाही तो सांगतो, दुसरा लिहून घेतो. मी म्हणालो, नको, हे पुस्तक राहू दे. त्यांनी कारण विचारलं.

“माझ्या वडिलांना लिहिता येत होतं,” मी म्हणालो.