शहाण्णव टक्के

मी हुशार माणूस आहे असं ज्याले वाटते, त्याले मी घरी बोलावतो, चहा पाजतो अन् स्वतःच हा किस्सा सांगून टाकतो. कारण मी नाही सांगितला तर माझी बायको सांगते, अन् ती सांगते तेव्हा मी अजून जास्त भैताड दिसतो. तर घ्या, चहा घ्या. बिस्किटं पण आहेत.

सुलभा, म्हणजे आमची सौ., बावीस वर्षांपासून शाळेत शिकवून राहिली. मागच्या मे महिन्यात एका शाळेनं तिले मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखतीले बोलावलं. बोलावलं म्हणजे ऑनलाइन. दुपारी चार वाजता. बावीस वर्षांत अशी संधी पहिल्यांदा आली होती, अन् पुढच्या वेळी वय निघून गेलं असतं. चार दिवसांपासून बाईचं जेवणात लक्ष नाही. स्लाइडा बनवल्या, साडीले इस्तरी केली, आरशासमोर उभी राहून उत्तरं म्हणून पाहिली.

अन् मले काम काय दिलं? एकच! सकाळी दहाले म्हणाली, "अहो, लॅपटॉपचा कॅमेरा चालते का तेवढं पाहून घ्या. फक्त कॅमेरा. बाकी कशाले हात लावू नका."

आता तुम्हीच सांगा, 'हात लावू नका' म्हटल्यावर कोणाचा हात थांबते?

आमच्या लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली. चार्जरची पिन निघाली की लॅपटॉप जागच्या जागी डोळे मिटते. पण मी काही कमी नाही. लाइन गेली तर भानगड नको म्हणून मी चार्जर सरळ इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये खोसला. स्वतःच्या अकलेवर इतका खूश झालो, की सुलभाले दुसरा चहा मागितला.

लॅपटॉप उघडला. कॅमेरा चालू होता. तिथंच उठलो असतो तर हा किस्सा झालाच नसता! पण कोपऱ्यात एक चौकोन आला. नवीन सिस्टम तयार आहे, टाकायची का? मी म्हटलं, होणाऱ्या मुख्याध्यापिकेनं जुन्या सिस्टमवर मुलाखत द्यायची? शोभते का? दाबलं! घरचं इंटरनेट मरतुकडं, म्हणून सुलभाच्या मोबाईलचं नेट जोडलं. त्यात तिच्या मोबाईलची बॅटरी खाल्ली जाऊन राहिली, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

स्क्रीन निळी झाली. काम सुरू आहे, संगणक बंद करू नका. एक टक्का. अर्ध्या तासानं दोन टक्के.

सुलभानं डोकावून पाहिलं. "हे काय करून ठेवलं?"

"काही नाही वं. जेवण होईपर्यंत होऊन जाईल."

जेवण झालं. झाले किती? एक्केचाळीस टक्के. अन् दोन वाजता लाइन गेली.

सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशीच मेसेज आला होता, उद्या दोन ते पाच दुरुस्ती. मी त्यावर अंगठ्याचं चित्र पण टाकलं होतं! वाचलं नव्हतं, चित्र टाकलं होतं. असो. इन्व्हर्टर होता ना. पण पाऊण तासात तो टी-टी करू लागला. त्याच्या बॅटरीत पाणी भरायचं काम माझं. शेवटचं कधी भरलं होतं? दिवाळीत. कोणत्या दिवाळीत ते विचारू नका.

सुलभा शांतपणे म्हणाली, "अहो, राहू द्या ते. मी मोबाईलवरून देते मुलाखत."

"मोबाईलवरून? मुख्याध्यापिका होऊन राहिली का रील बनवून राहिली? अन् तुझ्या स्लाइडा? आता बंद पडला तर सगळं साफ होईल!"

"मंग काय करता?"

"तिकडं महाल भागात तुझ्या भावाकडं लाइन आहे. तिथं जाऊ."

"लॅपटॉप घेऊन?"

"इन्व्हर्टर घेऊन!"

आमचं घर शहराच्या टोकाले, बेसा भागात, तळमजल्यावर. गल्लीच्या तोंडाशी रामटेके काका ई-रिक्षा लावतात. आम्ही नवरा-बायकोनं मिळून इन्व्हर्टर, त्याची ती धोंड्यासारखी बॅटरी अन् ट्रॉली उचलून रिक्षात ठेवली. लॅपटॉप माझ्या मांडीवर. त्याची वायर इन्व्हर्टरमध्ये. माझ्या डोक्यावर ओला दुपट्टा, अंगात बनियान अन् बर्मुडा, कारण शर्ट घालायले दोन्ही हात लागतात. बाजूले इस्तरीच्या साडीत सुलभा.

रामटेके काकांनी मागं वळून पाहिलं. "साहेब, मांडीवर काय हाय?"

"लॅपटॉप."

"अन् हे खालचं?"

"त्याची बॅटरी."

काकांनी त्या धुडाकडं पाहिलं, लॅपटॉपकडं पाहिलं. "माह्या पोरीचा तं पिशवीत मावते," म्हणाले, अन् गाडी सुरू केली.

ऊन असं, की सडकेवर कुत्रं नाही. प्रत्येक गतिरोधकावर मी ओरडून राहिलो, "हळू, काका, हळू! त्रेसष्ट झाले!" काकांनी गाडी इतकी हळू केली, की एक आजोबा सायकलवर आमच्या पुढं निघून गेले. मानेवाडा चौकाच्या थोडं आधी तर गाडी थांबूनच गेली.

"काय झालं काका?"

"बसली."

"काहून?"

"तुमच्या बॅटरीच्या वजनानं माह्या बॅटऱ्या संपल्या ना साहेब!"

म्हणजे पाहा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, इन्व्हर्टरची मरून राहिली, रिक्षाची आता मेली. सुलभानं पर्समधून मोबाईल काढला अन् तिचा चेहराच उतरला. "अहो, बारा टक्के? सकाळी पूर्ण भरलेला होता हा!"

मी सडकेच्या पलीकडं पाहू लागलो. अन् खोटं नाही सांगत, समोर रसवंती! हिरवी जाळी, बाकडे, अन् गरगर फिरणारा चरखा. विजेवर चालणारा!

मी धावत गेलो. रसवंतीवाल्या मावशी ऊस घालून राहिल्या होत्या.

"मावशी, पाच मिनिटं चरख्याची पिन काढा अन् माझी लावू द्या!"

"काहून गा?"

"बायकोच्या नोकरीचा सवाल आहे!"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं, त्याचा काही उपयोग नव्हता. मग माझ्या मागं आलेल्या सुलभाकडं पाहिलं, तिची घामानं भिजलेली साडी पाहिली, अन् पिन काढून दिली. मी अन् काकांनी ट्रॉली ढकलत सडकेपलीकडून आणली अन् इन्व्हर्टरची पिन तिथं लावली. इन्व्हर्टरले सॉकेट एकच, त्यात लॅपटॉप. लॅपटॉप ठेवला उसाच्या मोळीवर. शहाऐंशी टक्के!

पाच मिनिटांची वीस झाली. सात-आठ गिऱ्हाईक तहानलेले बसून राहिले. आधी चिडले, मग त्यांनाही नाद लागला. एक जण म्हणे, "ब्याण्णव झाले का?" दुसरा म्हणे, "अजून एक्क्याण्णववरच बसला." मी हात पसरून चरख्यासमोर उभा. कोणी पिनेकडं नुसतं पाहिलं तरी मी डोळे वटारत होतो.

चारले मुलाखत सुरू झाली. सुलभा टोकाच्या बाकड्यावर, हातात मोबाईल, पाठीमागं हिरवी जाळी. काय उत्तरं देऊन राहिली होती! स्लाइडांशिवाय, कागदाशिवाय. तिकडून कोणी सर विचारत होते अन् ही न अडखळता बोलत होती. मले खरंच अभिमान वाटला. माझेच डोळे भरून आले, पण पुसायले हात मोकळा नव्हता.

मधेच तिनं आवाज दाबून म्हटलं, "अहो, माझा चार्जर लावून द्या ना तिथं. चारच टक्के राहिले."

"थांब वं दोन मिनिटं. चौऱ्याण्णव झाले!"

एक प्रश्न गेला. पुन्हा म्हणाली, अगदी गोड आवाजात, "अहो, ऐका ना. दोन टक्के."

"पंच्याण्णव!"

आता तुम्ही म्हणाल, बायकोची नोकरी मोठी का लॅपटॉप मोठा? मले पण कळते हो! पण सकाळपासून ज्याले सांभाळलं, त्याले पंच्याण्णववर कसं सोडू?

तेवढ्यात मोबाईलमधून त्या सरांचा आवाज सगळ्या रसवंतीले ऐकू आला. "मॅडम, शेवटचा प्रश्न. समजा एक मुलगा अतिशय हट्टी आहे. काही केल्या कोणाचं ऐकत नाही. तुम्ही काय कराल?"

सुलभा उठली. एका हातात मोबाईल, कॅमेरा सरळ माझ्याकडं. म्हणजे त्या शाळेच्या सगळ्या मोठ्या लोकांनी काय पाहिलं असेल? बनियान अन् बर्मुडातला एक टकला माणूस, डोक्यावर ओला दुपट्टा, दोन्ही हात पसरून उसाच्या चरख्यासमोर उभा, अन् ओरडून राहिला, "शहाण्णव! शहाण्णव झाले!"

"बाजूले व्हा," सुलभा म्हणाली.

"अवं, चार टक्के—"

तिनं माझा हात खाली केला, इन्व्हर्टरमधून चार्जरची पिन उपटली अन् आपला चार्जर लावला. स्क्रीन काळी. मी मटकन खाली बसलो. "शहाण्णव झाले होते वं!"

सुलभानं पदर नीट केला अन् मोबाईल पुन्हा तोंडासमोर धरला. "सर, आधी दोनदा गोडीनं सांगते. तिसऱ्यांदा असं करते."

तिकडून असा हसण्याचा आवाज आला, की मावशीचे गिऱ्हाईक टाळ्या वाजवू लागले.

त्याच संध्याकाळी फोन आला. सुलभा मुख्याध्यापिका झाली! लॅपटॉप काही उघडला नाही, तो गेला तो गेलाच. अन् जूनमध्ये पहिल्या दिवशी मी तिले शाळेत सोडायले गेलो. मुद्दाम नवीन शर्ट-पँट घालून, भांग नसला तरी कंगवा फिरवून. मुलाखत घेणारे ते सर फाटकातच उभे होते. त्यांनी चष्मा वर केला, मले खालून वर पाहिलं अन् सगळ्या मास्तरांसमोर म्हणाले, "अरे वा! मॅडम, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोबतच आणलं का?"

झालं! त्या शाळेत माझं खरं नाव आजही कोणाले माहीत नाही. मी तिले घ्यायले गेलो, की चौकीदार आत जाऊन सांगते, "मॅडम, उत्तर आलं."