सही कुणीच केली नाही

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत गिअरबॉक्स जोडायचा. आता जोडत नाही. का जोडत नाही असं कुणी विचारलं, की तो माझ्याकडे बघतो. तोंडावर मी त्याला अजून अहो-जाहो करते, पण लिहिताना नवराच लिहिणार. तेवढी मोकळीक मला हवी.

आमचं लग्न ठरताना माझ्या वडिलांनी बीडहून येऊन मुलाची शेती विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. मुलगा पर्मनंट आहे का, एवढंच विचारलं. होता. त्या एका शब्दावर मला निगडीला आणलं, त्याच शब्दावर पुढे बँकेनं चिखलीतल्या फ्लॅटला कर्ज दिलं, आणि राजगुरुनगरजवळच्या त्याच्या गावात जत्रेच्या बैठकीला त्याला पुढच्या रांगेत बसवू लागले. मीही काही कमी नव्हते. भाजी घेताना कुणी विचारलं तर नवऱ्याचं नाव घेण्याआधी कंपनीचं नाव घ्यायचे.

कंपनी पुण्यातल्या एका घराण्याची होती. दसऱ्याला मोठे शेठ स्वतः यायचे, मशीनला हार घालायचे, नारळ फोडायचे. त्या दिवशी आम्हा बायका-मुलांनाही आत सोडत. तुम्ही सगळे माझं कुटुंब आहात, असं शेठ म्हणायचे आणि पुढे उभी असलेली म्हातारी माणसं डोळे पुसायची. शेठ थकले, मुलांचं एकमेकांशी पटेना, तेव्हा त्यांनी कुटुंब विकून टाकलं. कामगारांना ते कॅन्टीनच्या टीव्हीवर कळलं. पडद्यावर एक परदेशी साहेब हसत हसत बोलला, खाली मराठी अक्षरं पळत होती.

"काय बी बदलणार न्हाई म्हणत्यात," नवरा घरी येऊन म्हणाला.

मला तेव्हाच शंका आली. बदलणार नसेल तर एवढ्या लांबून सांगायला कशाला यायचं?

व्हायचं तेच झालं. गिअरबॉक्सची लाइन दुसऱ्या राज्यात हलवायचं वरून ठरलं. वर म्हणजे कुठे, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. सुपरवायझर म्हणे वरून आलंय, मॅनेजर म्हणे वरून आलंय, आणि त्या परदेशी साहेबाच्याही वर कुणी असणारच. पर्मनंट माणसं सहजासहजी काढता येत नाहीत, म्हणून स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली. ज्यानं या गोष्टीला स्वेच्छा हे नाव दिलं, त्याला एकदा आमच्या घरी जेवायला बोलवावं असं मला फार वाटतं.

लाइनवरची माणसं एका रविवारी निमगावच्या खंडोबाला गेली. तिथे सगळ्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली, की मरू पण योजनेच्या कागदावर सही करणार नाही. नवरा त्या भागातला, शिवाय शब्दाचा पक्का म्हणून नाव असलेला. भंडाऱ्याचं ताट त्याच्याच हातात दिलं होतं. कपाळ पिवळं करून तो घरी आला तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता, हे लपवत नाही. आम्हा बायकांना कुणी सोबत नेलं नव्हतं. असल्या कामाला आमच्याकडे बायका लागत नाहीत.

शपथ घेतली रविवारी, आणि कंपनीच्या ऑफिसात ती सोमवारीच पोचली असणार. कुणी सांगितलं ते शोधण्यात अर्थ नाही. साहेब लोक चिडले नाहीत, कुणाला बोलावलं नाही. संक्रांत जवळ आली होती. त्यांनी कामगारांच्या बायकांचं हळदीकुंकू ठेवलं.

इतकी वर्षं कंपनीला आमची आठवण वर्षातून एकदा मशीनपुढे उभं करायला व्हायची. आता दारात बस आली. प्राधिकरणातला चांगला हॉल, खुर्च्यांना पांढरी कापडं, अत्तर, तिळगूळ, गजरे. एचआरच्या मॅडम पैठणी नेसून, नथ घालून उभ्या होत्या आणि गळ्यात कंपनीचं आयकार्ड लटकत होतं. आमच्या इमारतीतल्या एकीचा नवरा वारला होता आणि ती त्याच्या जागी पॅकिंगला लागली होती. आम्हा सगळ्यांत कंपनीत खरी नोकरी करणारी तीच एकटी, पण ती विधवा, म्हणून तिला बोलावणं नव्हतं. तिला योजनेचं नुसतं ऑफिसात बोलावून सांगितलं.

उखाणे झाले, वाण लुटलं, आणि मग मॅडम खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसल्या. आवाज इतका मऊ, की मला माझी मावशी आठवली. म्हणाल्या, पुरुष माणसं मानी असतात, त्यांना सोडायचं कळत नाही. घर तर तुम्ही चालवता. लाइन जाणार ती जाणारच. आज घेतलं तर पैसे मिळतील, उद्या बदली मिळेल. मग त्यांनी स्वतःचा फोन काढून दाखवला. फोन शॉपफ्लोअरवर नेता येत नाहीत, म्हणून आमच्या नवऱ्यांनी आजारपणाच्या विम्यासाठी कधीकाळी आमचे नंबर दिले होते. योजनेची लिंक त्याच नंबरांवर येणार होती. उघडायची, 'मान्य' दाबायचं, ओटीपी येईल तो टाकायचा. संपलं.

मागून एकीनं विचारलं, "म्हंजी सही न्हाई करायची?"

"नाही ताई," मॅडम म्हणाल्या. "सहीचा प्रश्नच नाही."

हॉलमध्ये एकदम सगळ्या सैल झाल्या. पदर सावरले गेले, कुणीतरी लाडू तोंडात टाकला. मला ते बघून शिसारी आली. या बाईनं आमच्या देवाला वळसा घालायचा रस्ता काढला होता आणि तो आम्हाला कुंकू लावून दाखवत होती. येताना बसमध्ये मी शेजारणीला तसं म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या नवऱ्याचं 'मान्य' त्याच आठवड्यात दाबून झालं.

मग लाइनच लागली. आज हा, उद्या तो. चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांना सांगायची, "सही कुठं केली राव आपण? घरच्यांनी काय केलं आपल्याला काय म्हाईत." कंपनीच्या बसमध्ये जागा मोकळ्या दिसू लागल्या. नवरा कुणाला काही बोलला नाही. घरी येऊन मात्र म्हणायचा, सगळे भडवे निघाले.

जे उरले त्यांना जुन्या टूलरूममध्ये खुर्च्या मांडून बसवलं. त्याला ट्रेनिंग म्हणायचं. शिकवायला कुणी नाही, काम नाही, बोलायला बंदी, डोक्यावर कॅमेरा. उठून पाणी प्यायला गेलं तरी विचारायचे. हातात सतत पाना असलेला माणूस दिवसभर मांडीवर हात ठेवून बसायचा आणि घरी आला की नळ घट्ट करायचा, पंखा उतरवायचा, कुकरचं झाकण खोलायचा. धड चालणाऱ्या वस्तू त्यानं बिघडवल्या. रात्री जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी.

शेवटी मेसेज आला. योजना शनिवारी संध्याकाळी बंद होईल, त्यानंतर उरलेल्यांची दुसऱ्या राज्यात बदली. तिकडे तर अजून शेडवर पत्रेसुद्धा चढले नव्हते, असं जाऊन आलेले ड्रायव्हर सांगत होते.

शनिवारी नवरा पहिल्या पाळीहून आला. आंघोळ केली, देवापुढे उदबत्ती लावली. मग माझा फोन टेबलावरून उचलून माझ्यासमोर ठेवला.

"तू न्हाईस उचलला भंडारा," तो म्हणाला.

मला क्षणभर कळलंच नाही. मग लख्ख कळलं.

"म्हणजे मी दाबू?"

"मी कुठं म्हणलो तसं?"

"मग नको दाबू?"

"आता मी काय सांगू? मी सांगितलं तर ते मीच केल्यासारखं व्हतंय."

"अहो, नोकरी तुमची आहे. तुम्ही नुसती मान हलवा. हो म्हणून हलवा, नाही म्हणून हलवा. मी तसं करते."

त्यानं मान अजिबात हलवली नाही. इतकी स्थिर ठेवली, की बघून चीड यावी. मग उठला, पायात चप्पल सरकवली आणि दूध आणायला म्हणून निघून गेला. दूध घरात होतं. त्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं.

मी फोन घेऊन बसले. दाबलं नाही, तर हा परराज्यात जाईल, तिकडेही खुर्चीवर बसवतील, आणि एक दिवस वेडा होऊन परत येईल. दाबलं, तर पर्मनंट संपलं. जिची सोयरीक जमवताना माझ्या बापानं फक्त तेवढंच विचारलं होतं, तिनंच ते आपल्या अंगठ्यानं मोडायचं. त्या वेळी मला मॅडमचा राग नव्हता, शेठचा नव्हता, टीव्हीवरच्या साहेबाचा तर नावालाही नव्हता. ती माणसं फार लांब होती. राग होता तो जिन्यानं खाली गेलेल्या माणसाचा. आणि तरी त्याच्यासाठीच मी दाबलं. ओटीपी आला, टाकला. पडद्यावर हिरवी खूण आली आणि खाली अभिनंदन असं लिहून आलं.

नवरा दुधाची पिशवी घेऊन आला. झालं का, असं त्यानं विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "चहा ठेवतीस का?"

मी ठेवला.

आता तो म्हाळुंगेच्या एका गोदामात ठेकेदाराकडे लागलाय. गाड्या आल्या की खोकी मोजून घ्यायची. ठेकेदाराचा निळा शर्ट असतो, तो धुऊन लवकर वाळतो. लाइनवरची माणसं अजून रविवारी निमगावला जातात. नवराही जातो. सगळ्यांनी शपथ पाळलेली आहे. सही कुणीच केलेली नाही. आम्ही बायका भाजीबाजारात भेटलो की लेकरांच्या परीक्षांवर बोलतो. ज्या दोघा-चौघांच्या घरी शेवटपर्यंत कुणीच दाबलं नाही, त्यांना खरंच बदली देऊन पाठवलं आणि ते तिकडे टिकले नाहीत, हात हलवत परत आले. हे नवऱ्याला माहीत आहे. त्यातल्या एकाला त्यानंच गोदामात चिकटवलं.

परवा गावाकडून धाकटे दीर आले होते. दुपारची वेळ, मी आत भाकरी थापत होते. बाहेर बोलणं चाललं होतं.

"दादा, कंपनीनं लई वाईट केलं तुज्याशी," दीर म्हणाले.

"कंपनीचं काय न्हाई रं," नवरा म्हणाला. आवाजात जराही राग नव्हता. "खोटं कशाला बोलू? कंपनीनं मला हात बी लावला न्हवता. बसून पगार देत व्हती. हिलाच दम धरवला न्हाई."

मी ताटं घेऊन बाहेर आले. वाटलं होतं, मला बघून तो निदान नजर वळवेल. त्यानं वळवली नाही. त्याच्या डोळ्यांत लबाडी शोधली, तीही सापडली नाही. त्याला ते आता खरंच तसं वाटतं, आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही.

"वहिनी, जरा थांबायचं व्हतं की," दीर मला म्हणाले. अगदी समजुतीनं म्हणाले, लहान पोरीला म्हणावं तसं.

मी दोघांना वाढलं. नवरा पोटभर जेवला.