नरडाण्याची सोयरीक

धुळ्याच्या देवपुरात बातमी फिरली ती अशी: प्रमिलाबाईंनी सख्ख्या पुतणीची जुळलेली सोयरीक मोडली. मुलगा नरडाण्याचा, पगार भरघोस, आणि या बाईने मोबाइलवर काहीबाही पाहून सुपारी फुटायच्या आत नकार कळवून टाकला. सकाळी दुधाच्या वेळी बातमी एवढीच होती. भाजीवाली येईपर्यंत त्या मुलाला आधीची एक बायकोही मिळाली.

खरं सांगायचं तर नरडाण्याला मुलगाबिलगा कोणी नव्हता. होती ती कंपनी, आणि मोडली ती नोकरी. मोबाइलवर पाहिलं आणि नकार कळवला, हे मात्र अक्षर न् अक्षर खरं.

प्रमिलाबाईंची पिठाची गिरणी आहे. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ त्यांच्यासारखं कोणी दळत नाही, पण लोक गिरणीवर येतात ते नुसत्या दळणासाठी नाही. मुलगा पाहायला आलेले पाहुणे आधी गिरणीवर डोकावतात. कोणाच्या घरी किती माणसं जेवतात, कोण संध्याकाळी सरळ चालतो आणि कोण भिंत धरून, हे गिरणीइतकं कोणाला ठाऊक असणार? तीस वर्षांत देवपुरातल्या निम्म्या सोयरिकी त्या पट्ट्याच्या खडखडाटात ठरल्या. उरलेल्या तिथेच बारगळल्या.

पुतणी सुलक्षणा एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सहा वर्षं काम करते. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला पट्टी बांधायची आणि महिन्याला तोच पगार. तिला एक दिवस मेल आला. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत खाद्यपदार्थांचा नवा कारखाना, त्यात क्वालिटी ऑफिसर, पगार तिप्पट. कंपनीचं नाव लांबलचक इंग्रजी, शेवटी 'ग्लोबल'. ट्रेनिंग आणि गणवेशाचे बारा हजार आधी भरायचे, सोमवारपर्यंत. म्हणजे सोमवारी लॅबचा राजीनामाही द्यायचा. दिला की परत घेता येणार नव्हता, कारण लॅबच्या मालकीणबाईंची भाची त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसली होती.

"काकू, तुम्ही पाहा ना जरा," सुलक्षणा म्हणाली. चौकशी म्हटली की ती काकूंनीच करायची, असा घरचा रिवाज.

आता प्रमिलाबाई त्या महिन्यात वाचनालयात शनिवारचा वर्ग करत होत्या. ग्रंथपाल राजदीपभाऊ बायाबापड्यांना इंटरनेटवर शोध कसा घ्यायचा ते शिकवत. बाईंचा पहिलाच धडा झाला होता. त्यांनी मोबाइल घेतला, चष्मा चढवला आणि लिहिलं: "नमस्कार. आम्ही धुळ्याहून प्रमिलाबाई. आमची पुतणी सुलक्षणा हिला नरडाणा येथे नोकरी लागत आहे तरी कंपनी कशी आहे ते कळवावे. घरी सर्वांना नमस्कार."

गूगलने अदबीने उत्तर दिलं: पत्रलेखन, इयत्ता आठवी, दहा नमुने.

बाईंचे नवरे झुलालआबा खाटेवर पोट धरून हसले. "अगं, त्याच्या घरच्यांची खुशालीबी विचारायची व्हती!"

राजदीपभाऊंना फोन गेला. ते म्हणाले, "अक्का, त्याला नमस्कार लागत नाही. खुणेचे दोनचार शब्द टाका. कंपनीचं नाव, गाव, बस."

"म्हणजे बांधावरून हाक मारावी तसं?"

"अगदी तसंच."

बाईंनी हाक मारली आणि कंपनी सामोरी आली. काय ती वेबसाइट! पांढऱ्या टोप्या घातलेल्या हसऱ्या मुली, चकचकीत यंत्रं, 'पंचवीस वर्षांची अखंड सेवा', आणि सुटाबुटातले संचालक. खाली पाच जणांचे अभिप्राय, पाचही जणांचे पाच-पाच तारे. कंपनी विश्वासाची आहे का, या प्रश्नाला साइटवरच ठळक अक्षरात उत्तर होतं: शंभर टक्के.

"चांगली दिसते गं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "दे राजीनामा."

हे शुक्रवारी. शनिवारी सकाळी गिरणीवर सोनगीरच्या कमलबाई आल्या, मुलीसाठी एक स्थळ पाहून.

"मुलगा काय सांगू, सोन्यासारखा!"

"कोणी सांगितलं?"

"त्याच्या आईनेच."

प्रमिलाबाईंच्या हातातला डबा राहिला हातात. "माय काय सांगी? आपला पोऱ्या दारू पेस म्हनीसन? कमलबाई, मुलाची चौकशी मुलाच्या घरी करतात का कुठे? चहा पिऊन येतो माणूस नुसता! चौकशी करायची ती…"

वाक्य अर्धं टाकून बाई पट्ट्याकडे वळल्या. गिरणी बंद केली. कमलबाईंना वाटलं, वीज गेली.

वीज गेलेली नव्हती. तीस वर्षं जगाला जे शिकवलं ते स्वतः विसरून प्रमिलाबाई काल रात्री कंपनीच्या आईच्या घरी चहा पिऊन आल्या होत्या.

पीठ झटकून त्या थेट वाचनालयात. राजदीपभाऊ त्या दिवशी फळ्यावर हेच लिहीत होते: साइट स्वतःबद्दल काय सांगते ते सोडा, दुसरे तिच्याबद्दल काय सांगतात ते पाहा.

"हे आमचंच आहे," बाई दारातूनच ओरडल्या. "ही तर सोयरीक!"

मग दोघं बसले चौकशीला. राजदीपभाऊंनी एका अभिप्रायातलं वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाकलं: "स्टाफ फार प्रेमळ, एकदा जरूर भेट द्या." तेच वाक्य सुरतच्या सलूनखाली निघालं आणि इंदूरच्या व्यायामशाळेखालीही.

"कारखान्याला काय जरूर भेट द्यायची?" बाई म्हणाल्या. "ते काय देऊळ आहे?"

संचालकांचा फोटो शोधात टाकला, तर ते कुठल्या परदेशी दुकानाच्या जाहिरातीत कवळी दाखवून हसत होते. पंचवीस वर्षं अखंड सेवा देणारी साइट जन्मली होती सव्वा दोन महिन्यांपूर्वी. फोन नंबर शोधला तर त्याच नंबरावर दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या वर्षी बिस्किटांची कंपनी भरती करत होती, आणि खाली एकाने लिहिलं होतं, "पैसे भरले, मग फोन लागला नाही."

"एक माणूस पुरे नाही, अक्का," राजदीपभाऊ म्हणाले. "तोही खोटं बोलत असेल. अजून एक साक्ष पाहिजे."

बाईंनी नरडाण्याच्या पुनाभाऊंना फोन लावला. हे त्यांचे मावसभाऊ, स्टेशनाबाहेर रिक्षा चालवतात. साइटवरचा प्लॉट नंबर सांगितला आणि जाऊन बघायला लावलं. अर्ध्या तासाने फोन आला.

"अक्का, आठे बाभूय शे."

"नुसती बाभूळ? आणि?"

"दोन बकऱ्या शेतस."

सुलक्षणाला हे पटेना. तिचे डोळे भरून आले. "नवी कंपनी असेल काकू, बांधकाम व्हायचं असेल. तुम्हाला सगळ्यांत खोटच दिसते." सहा वर्षांनी दार उघडलं होतं आणि काकू ते बंद करत होत्या, तिचं काय चुकलं? प्रमिलाबाई वाद घालत बसल्या नाहीत. कंपनीच्या नंबरावर त्यांनी सुलक्षणाकडूनच निरोप पाठवला: पैसे घेऊन सोमवारी कारखान्यातच येते, कारखाना पाहते आणि तिथेच भरते. दोन निळ्या खुणा उमटल्या. नंतर फोटो दिसेनासा झाला, पुढचा निरोप जाईना. कंपनीने सुलक्षणालाच ब्लॉक केलं होतं. मग काकूंच्या सांगण्यावरून तिने मेलवर नकार कळवला आणि पोलिसांच्या सायबर हेल्पलाइनवर तक्रारही केली.

राजीनामा पर्समध्येच राहिला. सुलक्षणा आठ दिवस काकूंशी धड बोलली नाही, आणि वाचनालयाच्या दारातलं 'ही तर सोयरीक!' ऐकलेल्या गल्लीला तेवढ्यात सोयरीक मोडल्याची बातमी मिळाली.

पण पोरगी हुशार. रुसता रुसता सगळी विद्या शिकून घेतली तिने. दोन महिन्यांनी जळगावच्या एका डाळ कारखान्यात लॅब सहायकाची जागा निघाली. तिने शोधात कंपनीचं नाव टाकलं, पत्ता पडताळला, तिथे काम केलेल्या दोघींना गाठून विचारलं, वर्तमानपत्रांतल्या जुन्या बातम्या काढल्या. सगळं ठीक. फक्त एकाने लिहिलं होतं की कँटीनचा चहा पातळ असतो, आणि दुसऱ्याने, की सुपरवायझर फार बोलतो. तेवढ्यावर ती तीन दिवस अडली. अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आली तरी ही मोबाइलमध्ये डोकं घालून तिसरा तक्रारदार शोधत होती.

"काकू, अजून थोडं पाहते. पक्कं कळल्याशिवाय कसा अर्ज करू?"

प्रमिलाबाईंनी गिरणीचा पट्टा थांबवला, खाटेवर घोरणाऱ्या झुलालआबांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "इतकी चौकशी मी केली असती तर तुझ्या काकांशी माझं लग्नच झालं नसतं. टाक अर्ज."